उरलेले पेले

माझ्या अक्षराला हसू नका. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि त्यानंतर पेन्सिल हातात आली ती किराणाच्या यादीपुरती. ऱ्हस्व कुठं नि दीर्घ कुठं, हे मला अजून नक्की कळत नाही. जिथं शंका आली तिथं मी अक्षर जरा पुसट काढलं आहे, वाचणाऱ्यानं हवं ते धरावं. पाळकबाईंनी, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांच्या बायकोनं, ही वही दिली. 'नाताळाच्या अंकात तुमच्या कामाच्या आठवणी टाकू, दोन पानं पुरे,' म्हणाल्या. दोन पानांत मावत नाही, आणि मावलं तरी अंकाला देईन की ट्रंकेत ठेवीन, ते अजून ठरलेलं नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी दाराआड होते. लिहिताना निदान कुणी बघत नाही.

माझं काम देवळाची झाडलोट. आम्ही ख्रिस्ती लोक आमच्या चर्चला देऊळच म्हणतो. माजलगावच्या रस्त्यावर, उसाची शेतं सुरू होतात तिथं आमचं गाव आहे आणि गावाच्या कडेला आमचं दगडी देऊळ. आधी सासूबाई झाडायच्या, त्यांच्यामागं मी. लोकांना वाटतं, झाडणं म्हणजे काय, खराटा फिरवला की झालं. पण कबुतरं आहेत, वटवाघळं आहेत. चटया उन्हात टाकायच्या, त्या गुंडाळायच्या आधी झटकायच्या, कारण एकदा एकीतून विंचू निघाला नि बायकांची बाजू सगळी बाकांवर चढली. घंटा तीनदा द्यायची, पहिली उठायला, दुसरी निघायला, तिसरी लाजायला. कुणी गेलं तर एकेक ठोका, थांबून थांबून. तो हात वेगळा लागतो.

आणि महिन्यातून एकदा प्रभुभोजनाची तयारी, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीनं मिळून घ्यायचा पाव नि द्राक्षरस. हे काम मला सगळ्यात आवडतं. काळ्या मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी त्याच पाण्यात उकळायच्या, हातानं कुस्करायच्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. तो आमचा द्राक्षरस. पावाच्या कडा काढून बारीक तुकडे करायचे. कडा शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या बायबलच्या वर्गाच्या, पोरांना मिळतात, ती उपासनेपेक्षा कडांची वाट जास्त बघतात. मग लहान लहान पेले ताटात मांडायचे आणि माणसं मोजून भरायचे. दसऱ्यानंतर निम्मी मंडळी ऊसतोडीला जाते, तेव्हा वीस-पंचवीस पुरतात. ईस्टरपर्यंत बरेच जण परत येतात, तेव्हा साठ लागतात.

आता एक गोष्ट सांगते, ती पाळकसाहेबांनाही ठाऊक नसेल. मंडळीत कुणाचं कुणाशी वाजलं आहे, हे मला ताटावरून कळतं. मनात कुणाविषयी अढी असेल तर प्रभुभोजन घ्यायचं नाही, आधी मिटवून यायचं, अशी आमच्याकडची रीत. पण मिटवायला जाणं जड जातं, न घेणं सोपं. चाळीस पेले भरले आणि तीन भरलेले परत आले, म्हणजे तीन माणसं घरी काहीतरी धरून बसली आहेत. कोण, हेही मला जागेवरून कळायचं.

धरून बसायची कारणं म्हणाल तर काय सांगू! मोठी पापं आमच्या मंडळीत फारशी झाली नाहीत. आमचं सगळं बारक्यात. देवळात एकच पंखा होता, त्याखालच्या जागेवरून दोन सख्ख्या जावा दोन वर्षं बोलत नव्हत्या. एकानं भिंतीवरचं घड्याळ दिलं. दर रविवारी तो उपदेशापेक्षा घड्याळाकडेच बघायचा आणि एकदा मी ते पुसायला उतरवलं तर म्हणाला, 'कौसाबाई, आमचं घड्याळ कावून काढलं? कुणी सांगितलं?' सेल बदलायला मात्र तो कधी आला नाही, ते मीच बदलले. मी कुणाला काही बोलायची नाही. ऐकायची नि झाडायची. मला वाटायचं, मी या सगळ्यांपेक्षा बरी.

ते खरं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

तारा माझी लहानपणची मैत्रीण. दोघी चकलांब्याकडच्या, दोघी याच गावात नांदायला आलो. ती बोलकी, मी मुकी. ताराचा नवरा गेला त्या वर्षीची गोष्ट. सुगीच्या सणाला आमच्याकडे प्रत्येक घरानं आपल्या शेतातलं, परड्यातलं काहीतरी देवळात आणायचं. कुणी ज्वारी, कुणी भोपळा, कुणी अंडी. उपासना झाली की दारात लिलाव होतो आणि पैसा देवळाला जातो. ताराकडे शेत नाही. तिनं तिची तांबडी गावरान कोंबडी आणली. ऊन फार, पाय बांधलेले, कोंबडीनं मान टाकली होती.

पुढच्या बाकावर सोनामाय बसल्या होत्या, म्हणजे येसुदास गुरुजींच्या आई. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले आणि मंडळीचे सेक्रेटरी. सोनामायची जीभ सगळ्या गावाला माहीत. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "तारे, देवाला आजारी कोंबडी कावून आणलीस गं? घरी मेली असती म्हणून?"

सगळे हसले. मीही हसले. लिलावात कोंबडीवर कुणी बोली लावली नाही. तारानं ती पदराखाली धरली आणि घरी नेली. ती कोंबडी पुढं दोन वर्षं जगली आणि तारा प्रत्येक अंड्याची बातमी गावभर देत राहिली. "आजारी कोंबडीनं आज आनिक एक घातलं बरं का!" पण त्या दिवसापासून ती सोनामायशी बोलली नाही आणि ताटात एक भरलेला पेला परत यायला लागला.

पुढच्या वर्षी सोनामाय अंथरुणाला लागल्या. आजाऱ्याला घरी प्रभुभोजन देतात. पाळकसाहेब पुढं, मी ताट घेऊन मागं. दुपारची वेळ होती. ते झाल्यावर साहेब आणि गुरुजी ओसरीवर बोलत उभे राहिले, तेव्हा सोनामायनी माझं मनगट धरलं.

"कौसे, घेतलं मी, पर गिळवंना. घशात ती कोंबडी बसलीया."

उशीखालून शंभराच्या दोन नोटा काढून त्यांनी माझ्या मुठीत कोंबल्या. "ताराला दे. म्हणावं, कोंबडी चांगली व्हती, म्हातारीची जीभ वाईट. लोकांसमोर बोलले तवा लोकांसमोरच सांगायला पाह्यजे, पर आता उठवत न्हाई. तू सांग."

मी मान डोलावली.

"आन् आमच्या येसूला सांगू नको. तो वाढवून ठेवील."

मी निघाले ती ताराकडे जायलाच निघाले होते. पण त्याच आठवड्यात माझ्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते आणि घरात दोन कप एका जातीचे नव्हते. मी दिंद्रुडच्या बाजारातून निळ्या फुलांच्या सहा कपबशा आणल्या, साखर आणली, फरसाण आणलं. सोनामायच्या पैशांनी. पगार झाला की देऊ म्हटलं. पगार झाला, तो दुसरीकडे गेला. मग सोनामाय वारल्या. ठोके मीच दिले. तारा दफनाला आली, पण फाटकाच्या आत आली नाही, बाहेर दगडावर बसून राहिली. त्या दिवशी मी जाऊन दोन शब्द सांगितले असते, पैसे नसते दिले, नुसते शब्द, तरी पुढचं सगळं टळलं असतं.

का नाही सांगितलं? लाजाळू आहे म्हणून, असं मी मनाला सांगायची. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की महिला संघात एकदा मला मोठ्यानं प्रार्थना करायला सांगितली होती, मला शब्द फुटेना, तेव्हा तारा म्हणाली होती, "कौसीची प्रार्थना देवालाबी ऐकू येत न्हाई." ते मी विसरले नव्हते. ती तिकडे आपल्या अढीत बसली आहे, बसू दे, असं मला कुठंतरी बरं वाटायचं. किती बारीक मन ते!

तेव्हापासून मीही प्रभुभोजन घेतलं नाही. ताट धरणाऱ्या बाईनं घेतलं की नाही, कोण बघतं? माझा पेला मी भरतच नव्हते, म्हणून तो उरतही नव्हता.

अशी बरीच वर्षं गेली. कोरोनात देऊळ बंद होतं, उघडल्यावर बघितलं तर जुने काचेचे पेले फुटून फुटून वीस-बावीस राहिलेले. गुरुजींनी आईच्या नावानं स्टीलचे साठ पेले दिले. भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे पद्धतच आहे. त्यांनी प्रत्येक पेल्यावर घातलं, 'सोनाबाई यांच्या स्मरणार्थ'.

ताराचा पेला तेव्हाही परतच यायचा, पण ती ताटापर्यंत हात तरी न्यायची. नवे पेले पहिल्यांदा काढले त्या दिवशी तिनं पेला उचलला, बोटानं अक्षरं चाचपली आणि शेजारच्या मुलीला विचारलं, "काय लिवलंय गं?" मुलीनं वाचलं. तारानं पेला ताटात परत ठेवला. "ह्या नावाचा पेला माज्या तोंडाला लागायचा न्हाई."

आणि इथं मी माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक केली. पुढच्या वेळी गुपचूप ताटाच्या कोपऱ्यात एक काचेचा पेला ठेवला, निदान त्याला तरी ती हात लावील म्हणून. मला वाटलं, मी किती शहाणी. तारानं तो घेतला, प्याली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला आनंद झाला. पण ती अढी सोडून प्याली नव्हती, अढी दाखवायला प्याली होती, हे मला कळायला हवं होतं.

कारण पुढच्या महिन्यात तिच्या शेजारची म्हणाली, "मलाबी काचंचा दे, त्यात रस गोड लागतो." मग घड्याळवाल्यानं मागितला. त्याचं गुरुजींशी आधीपासून वाकडं होतंच. मग पंख्याखालच्या जावांपैकी एकीनं काचेचा घेतला म्हणून दुसरीनं स्टीलचा. वर्षभरात माझ्या हातात दोन ताटं झाली, एक काचेचं, एक स्टीलचं. एका रविवारी शब्बाथ शाळेची पोरं पावाच्या कडा खाताना एकमेकांना विचारत होती, "तू काचेतला का स्टीलमधला?" ते ऐकून माझ्या हातातला खराटा थांबला. हे मी केलं होतं.

यंदा ईस्टरच्या आधल्या आठवड्यात गुरुजींनी मला बोलावलं. "कौसाबाई, त्या काचा पोत्यात बांधून टाकून द्या. ईस्टरला एकच ताट. ज्याला प्यायचंय तो पिईल."

"व्हय गुरुजी," मी म्हणाले. मी नेहमी व्हयच म्हणते.

ताराला हे कळायला एक दिवसही लागला नाही. ती देवळात आली आणि घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. भाचीकडून लिहून घेतला होता. 'माझे नाव मंडळीच्या पुस्तकातून कमी करावे.'

"गुर्जीला दे. मी त्याच्याशी बोलत न्हाई."

मंडळीच्या पुस्तकातून नाव कमी होणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. पुस्तकात नाव नाही, तर आमच्या दफनभूमीत जागाही नाही. ताराचा नवरा तिथं लिंबाखाली आहे. त्याच्या शेजारची जागा तिनं स्वतः चार दगड लावून राखून ठेवली आहे.

"तारे, मग तुझी माती कुठं व्हायची?"

"कुठंबी. उसाच्या फडात टाका. तितं तरी कुणाचं नाव घातलेलं नसंल."

ती गेली. मी कागद हातात धरून उभी राहिले. दुसऱ्याचा निरोप, माझी मूठ. पुन्हा तेच. मला तो कागद देवळात कुठंच ठेववेना. शेवटी मनुकांच्या डब्यात टाकला नि झाकण लावलं.

शनिवारी मनुका भिजवायला डबा उघडला. कागद वरच होता. मी डबा तसाच ठेवला, घरात होती ती पन्नासाची नोट घेतली आणि भर दुपारी ताराकडे गेले. ती दारात मिरच्यांची देठं काढत बसली होती.

"दिला कागद?"

"न्हाई." मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सोनामाय, उशी, दोन नोटा, कपबशा. एकदा थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. बोलले तेवढं मी एका वेळी जन्मात बोलले नव्हते.

ताराचा हात मिरचीवर थांबला. तिनं ते देठ खुडून टाकलं. मग म्हणाली, "कोंबडी चांगली व्हती, असं म्हणली?"

"व्हय. आन् म्हातारीची जीभ वाईट, म्हणली."

"आन् तू चहा पाजलास माज्या कोंबडीच्या पैशानं."

"व्हय."

"त्या पाव्हण्यांशी जमलं व्हतं का तरी?"

"न्हाई. त्यांनी नकार दिला."

तारानं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे. हसत होती. मग मिरचीचा हात डोळ्याला लागला आणि खरंच पाणी आलं. मी तांब्या आणून दिला. डोळे धुऊन झाल्यावर ती हसायची थांबली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मला पळून जावंसं वाटलं.

"इतकी वर्सं, कौसे. तुला रोज दिसत व्हते मी."

मी पन्नासाची नोट पुढं केली. मनात आलं, म्हणेल आता, राहू दे. तिनं नोट घेतली, उलटीसुलटी बघितली.

"बाकीचे दीडशे?"

"दर महिन्याला पन्नास देते."

"सोता आणून द्यायचे. कुणाच्या हाती पाठवायचे न्हाईत. दुसऱ्याच्या हाती पैसे दिले की काय व्हतं ते बघितलं." मग म्हणाली, "पर मला पैशाचं न्हाई. म्हातारी सगळ्यांसमोर बोलली व्हती. सगळे हसले व्हते. तूबी. आता सगळ्यांसमोर सांग."

"मला न्हाई जमणार, तारे."

"तो कागद तुज्यापाशीच ठेव. उद्या बोललीस तर चुलीत घाल. न्हाई बोललीस तर गुर्जीच्या हातात दे."

त्या रविवारी तिन्ही घंटा मीच दिल्या, पण तिसरी घंटा कशी दिली मला आठवत नाही. आमच्याकडे उपदेशाआधी साक्ष द्यायला वेळ असतो. ज्याला प्रभूनं केलेलं काही सांगायचं असेल त्यानं उभं राहावं. पाळकसाहेब म्हणाले, "कुणी साक्ष देणार?" मी दाराशी, चपलांच्या जागेजवळ, जिथं माझी जागा असते तिथं उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, दार लावायला उठले. कुणी वळलंही नाही.

मी बोलायला लागले. पहिल्या बाकापर्यंतही पोचलं नसेल.

"मोठ्यानं बोल, कौसे!" बायकांच्या बाजूनं तारा ओरडली. "देवालाबी ऐकू येऊ दे!"

लोक हसले, आणि त्या हसण्यानं कसं कोण जाणे माझा आवाज मोकळा झाला. मी कोंबडीचं सांगितलं, निरोपाचं सांगितलं, कपबशांचं सांगितलं. दोन ताटं मीच केली, हेही सांगितलं. घाबरून इतकी बोलत सुटले की जे सांगायचं नव्हतं तेही निघून गेलं. "सोनामाय म्हणल्या, येसूला सांगू नको, तो वाढवून ठेवील."

गुरुजी पुढच्या बाकावर होते. ते सावकाश उठले. मी हातातला कागद घट्ट धरला. वाटलं, नोकरी गेली.

"माझ्या आईनं शेवटचं मन मोकळं केलं ते झाडणाऱ्या बाईपाशी," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मला का नाही सांगितलं, म्हणून वाईट वाटतंय. पण साठ पेल्यांवर नाव घालून, ताराबाईंना मी त्यांतूनच प्यायला लावणार होतो. म्हणजे आई बरोबरच म्हणाली." ते बायकांच्या बाजूकडे वळले. "ताराबाई, कोंबडी चांगली होती. आईच्या वतीनं सांगतो, सगळ्यांसमोर."

"लई चांगली व्हती," तारा म्हणाली. "दोन वर्सं अंडी दिली."

ताट मांडायला मी मागच्या खोलीत गेले, तेव्हा आधी तो कागद शेगडीत घातला. गुरुजी मागोमाग आले. म्हणाले, "दोन्ही पेले एकाच ताटात मिसळून ठेवा. ज्याच्या हाताला जो लागेल तो." पोत्यातल्या काचा मी टाकल्या नव्हत्याच. धुऊन, पुसून मिसळून ठेवल्या.

ताट ताराजवळ आलं तेव्हा तिच्या पुढ्यात काचेचाही होता. तिनं तो ओलांडून स्टीलचा उचलला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. पुढं शेवटच्या माणसापर्यंत ताट गेलं, आणि त्यात एकही भरलेला पेला राहिला नाही. माझ्या सगळ्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मी रिकाम्या ताटाकडे बघत राहिले आणि मग ध्यानात आलं, मोजताना मी सवयीनं स्वतःला धरलंच नव्हतं. आज घ्यायचं होतं, तर माझा पेलाच नाही.

तारानं बघितलं. तिच्या पेल्यात अर्धा रस होता. तिनं तो माझ्यापुढं धरला. पाळकसाहेबांचे डोळे मिटलेले होते, ते त्यांनी मिटलेलेच ठेवले. मी प्याले. मनुका जरा कमी पडल्या होत्या, रस पातळ झाला होता. पण खाली गेला.

त्यानंतर मंडळी एकदम सुधारली असं नाही. मागच्याच महिन्यात नव्या पंख्यावरून वाजलं, एक पेला परत आला. पण आता मी नुसती मोजत नाही. संध्याकाळी त्या घरी जाऊन बसते. बोलायला मला अजून जमत नाही, म्हणून आधी बसते. शेवटी समोरचंच कंटाळून बोलायला लागतं. त्या दोघी जावांना आता दोन पंखे आहेत.

आणि दर महिन्याच्या पगाराला मी पन्नासाची नोट घेऊन ताराकडे गेले. स्वतः. ती हिशोबाला अगदी पक्की. नोट घ्यायची, पण लगेच उठू द्यायची नाही. आमचं चकलांब्याचं सगळं लहानपण त्या दुपारींत पुन्हा बोलून झालं. शेवटच्या वेळी मी नोटेबरोबर पिशवीत गुंडाळून निळ्या फुलांच्या दोन कपबशाही नेल्या. सहांतल्या तेवढ्याच उरल्या आहेत. तारानं एक हातात घेतली, कानाला बारीक टवका गेला होता तो बघितला.

"ह्याच का त्या? ह्यांच्यापायी नकार दिला आसंल त्यांनी."

तिनं चहा टाकला. आम्ही दोघी दारात बसून त्या कपांतून प्यालो. चहा संपल्यावर मी शेवटची पन्नासाची नोट बशीत ठेवली. तारानं आधीच्या तीन नोटा डब्यातून काढल्या, चौथी त्यांवर ठेवली आणि चारही मोजल्या.

"दोनशे," ती म्हणाली. "कोंबडीचे फिटले."